शंभर मनुष्यवर्षांची केटी

परवा शुक्रवारी आमची लोकल विक्रोळीच्या अलीकडे वीस मिनिटं नुसती उभी होती. मोबाईलची बॅटरी संपलेली, पुस्तक घरी राहिलेलं, म्हणून पूर्वेकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. समोरच्या काकांनी कोणी न विचारताच माहिती पुरवली, "ही सगळी जागा गोदरेजची बरं का!" मी मान डोलावली. आपल्याकडे गोदरेज म्हणजे आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट. हँडल फिरवलं की 'खटॅक' असा आवाज येणारं, आणि आतल्या तिजोरीची किल्ली त्याच कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली असते ते. :-) ह्याच पिरोजशानगरात रॉकेटची इंजिनंही तयार होतात, हे मी काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक ते जागा बदलून बसले असते.

चांद्रयान-१, मंगळयान आणि चांद्रयान-३. ह्या तिन्ही उड्डाणांत एक इंजिन सारखं होतं, त्याचं नाव 'विकास'. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात ते एक असतं, जीएसएलव्हीत पाच असतात (चार बाजूच्या बूस्टरांत, एक दुसऱ्या टप्प्यात), आणि एलव्हीएम-३ च्या मधल्या भागात दोन शेजारी शेजारी. म्हणजे इस्रोच्या मोठ्या रॉकेटांपैकी कुठलंही घ्या, विकास त्यात आहेच. आणि हे विकास म्हणजे मुळात 'व्हायकिंग' नावाच्या फ्रेंच इंजिनाचा भारतीय अवतार. आपल्या भाषेत सांगायचं तर फोर्क.

ह्या फोर्कच्या इतिहासाने मला का पछाडलं ते कळायला आधी माझं एक रडगाणं ऐकावं लागेल.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना आमच्या टीमकडे एक जुनी सिस्टीम आली. बांधणारे लोक परदेशातले, सांभाळणारे आता आम्ही. तीन आठवड्यांची केटी ठरली. (आयटीत नसलेल्यांसाठी: केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्याने भराभर बोलायचं आणि येणाऱ्याने 'हो हो, समजलं' म्हणायचं.) डॉक्युमेंट्स मिळाली, डायग्रॅम मिळाले, सोर्स कोड तर अख्खाच्या अख्खा मिळाला. त्यातल्या रात्रीच्या बॅच जॉबमध्ये एका ठिकाणी अकरा सेकंदांचा स्लीप टाकलेला होता. कॉमेंट नाही, काही नाही. मी तो हुशारी करून काढून टाकला. जॉब मस्त पळाला, शाबासकीही मिळाली. महिनाअखेरीला मात्र पलीकडची सिस्टीम फाईल पूर्ण लिहायच्या आतच आमचा जॉब ती उचलायला लागला, आणि ढीगभर ग्राहकांना अर्धवट बिलं गेली. अकरा सेकंद का, हे माहीत असलेला एक माणूस होता. त्याला आम्ही विचारलं नव्हतं, आणि एवढं काय सांगायचं म्हणून तोही बोलला नव्हता.

तर आता इंजिन.

पॅरिसच्या वायव्येला सेन नदीच्या काठी व्हेर्नाँ नावाचं छोटं गाव आहे. नदीपलीकडे थोड्या अंतरावर जिव्हर्नी, जिथे मोनेने त्याची कमळांची चित्रं काढली. इकडे गावाच्या वरच्या जंगलात दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच लष्कराने क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा काढली आणि तिथे जर्मन इंजिनियर आणून बसवले. त्यातला एक कार्ल-हाइन्झ ब्रिंगर. हा पेनेम्युंडेचा माणूस, म्हणजे व्ही-२ जिथे तयार झालं तिथला. थोडक्यात, ह्या गोष्टीतली पहिली केटी जर्मनांकडून फ्रेंचांना झाली, आणि ती ज्या परिस्थितीत झाली ती काही आनंदाची नव्हती.

ब्रिंगरने आपल्याबरोबर एक कल्पना आणली होती. रॉकेट इंजिनात इंधन आणि ऑक्सिडायझर प्रचंड वेगाने आत ढकलायला टर्बोपंप लागतो. तो पंप फिरवायला गरम वायू हवा. तो वायू कुठून आणायचा? ब्रिंगर म्हणाला, त्याच इंधनातलं थोडंसं एका लहान कोठीत जाळा. पण असं जळलेला वायू इतका तापतो की टर्बाइनची पातीच वितळतील. म्हणून त्यात पाणी सोडा! पाण्याची वाफ होते, वायू थंड होतो आणि टर्बाइन सुखाने फिरते. रॉकेटमध्ये वजनाचा ग्रॅम न् ग्रॅम मोजतात, आणि हे लोक साधं पाणी टाकीत भरून आकाशात नेतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा जुगाडच वाटला. पण त्या कोठीतल्या मिश्रणाशी नाजूक खेळ करावा लागत नाही आणि वायूचं तापमान काबूत राहतं. ह्या पाण्याच्या टाकीचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

व्हायकिंग ह्याच घराण्यातलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं, आणि १९७३ मध्ये युरोपने एरियान रॉकेट बांधायचं ठरवल्यावर त्याच्या पोटाशी जाऊन बसलं. इंधन यूडीएमएच, ऑक्सिडायझर नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोन्ही साध्या तापमानाला द्रव राहतात, त्यामुळे क्रायोजेनिकसारखी थंडीची कटकट नाही. दोन्ही एकत्र आले की आपोआप पेटतात, म्हणजे ठिणगीचीही गरज नाही. तोटा एकच, दोन्ही भयंकर विषारी. भरणारे लोक अंतराळवीरासारखे पूर्ण बंद सूट घालून काम करतात. इंधनाचा, ऑक्सिडायझरचा आणि पाण्याचा असे तिन्ही पंप एकाच दांड्यावर, मिनिटाला दहा हजारच्या आसपास फेरे. ज्वलनकक्षातला दाब पन्नास-साठ बार (आपल्या गाडीच्या टायरात दोन-अडीच असतो), आणि रेटा सत्तर टनांच्या आसपास. दर सेकंदाला पावणेतीनशे किलो रसायनं गिळणारं हे यंत्र रचनेने मात्र तसं साधं आहे. कक्षाच्या भिंतीला थंड ठेवायला बारीक नळ्यांची जाळी नाही. भिंतीलगत इंधनाचाच पातळ पडदा सोडलेला असतो.

एरियानच्या पहिल्या टप्प्यात अशी चार इंजिनं आणि दुसऱ्यात मोठ्या नॉझलचं एक. २४ डिसेंबर १९७९ ला एरियान-१ पहिल्यांदा उडालं. त्याच्या नऊ दिवस आधी इंजिनं पेटून कॉम्प्युटरने ती बंद केली होती, पण ते असो. खरी परीक्षा दुसऱ्या उड्डाणात होती. २३ मे १९८० ला चारपैकी एका व्हायकिंगमध्ये ज्वलन अस्थिर झालं. कक्षातला दाब थरथरायला लागला की तो स्वतःच वाढत जातो आणि इंजिन स्वतःला फाडून टाकतं. रॉकेट अटलांटिकमध्ये गेलं. आता बघा, चारही इंजिनं एकाच ड्रॉइंगवरून बनलेली, एकाच कारखान्यातली, एकच इंधन पिणारी. तीन नीट चालली, एक बिघडलं. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलेलं नसतं ते इंजेक्टरच्या बारीक भोकांमध्ये असतं. फ्रेंचांनी इंजेक्टर सुधारला, पुढे यूडीएमएचमध्ये हायड्रेझीन हायड्रेट मिसळून यूएच-२५ नावाचं इंधन वापरायला सुरुवात केली. ह्या अपघातानंतरच्या पहिल्याच उड्डाणात, १९ जून १९८१ ला, आपला 'ॲपल' उपग्रह होता! तोच, बैलगाडीवर ठेवलेला फोटो सगळ्यांनी बघितलाय तो. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या बिल्डवर आपला डेटा चढवायला जिगर लागते.

त्यानंतर व्हायकिंग जे चाललं ते चाललंच. एरियान-१ ची अकरा, एरियान-२ आणि ३ ची मिळून सतरा, एरियान-४ ची एकशे सोळा उड्डाणं. एरियान-४ ला बाजूने दोन किंवा चार द्रव-इंधनाचे बूस्टर लावता येत, त्यांतही व्हायकिंगच. मी एका रविवारी बसून सगळी बेरीज केली, ९५८ इंजिनं उडाली. त्यांच्यामुळे रॉकेट गमावलं असं दोनदाच झालं. एक वर सांगितलं ते. दुसरं २२ फेब्रुवारी १९९० चं, व्ही-३६ नावाचं उड्डाण, दोन जपानी उपग्रह घेऊन निघालेलं. उडाल्यावर लगेच एका इंजिनाचा रेटा निम्म्यावर आला. बाकीची इंजिनं वाकडी होऊन तोल सावरत राहिली आणि शंभरेक सेकंदांनी सगळंच फुटलं. चौकशीत काय सापडलं? पाण्याच्या पाइपमध्ये कापडाचा तुकडा. कोणीतरी पुसायला घेतलेलं फडकं आतच राहिलं होतं. ब्रिंगरच्या पाण्याचा रस्ता एका फडक्याने अडवला!

आता १९७४ मध्ये मागे येऊ. एरियानचं काम नुकतंच सुरू झालेलं, आणि व्हायकिंग बनवणाऱ्या एसईपी कंपनीला माणसं हवी होती. भारताला मोठं द्रव-इंधन इंजिन हवं होतं, पण द्यायला पैसे नव्हते. करार असा झाला की इस्रोने आपल्या इंजिनियरांची शंभर मनुष्यवर्षं फ्रान्समध्ये कामाला द्यायची, शिवाय हजारो प्रेशर ट्रान्सड्यूसर बनवून द्यायचे, आणि बदल्यात व्हायकिंगचं तंत्रज्ञान मिळणार. आजच्या भाषेत हे ऑनसाइट पोस्टिंगच. फरक इतकाच की क्लायंटचं काम करून पैसे न घेता त्याचा सोर्स कोड घेऊन यायचं!

नंबी नारायणन ह्यांच्या नेतृत्वाखाली चाळीसेक भारतीय इंजिनियर आळीपाळीने व्हेर्नाँत राहिले. ते पाहुणे म्हणून गेले नव्हते. एसईपीच्या टीममध्ये बसून इंजिनाच्या विकासाचंच काम करत होते. म्हणजे व्हायकिंग पूर्ण झाल्यावर त्याची केटी घेतली असं झालंच नाही. ते घडत असताना, चुकत असताना, ह्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ह्याला मी खरी केटी म्हणतो. एखादा भाग अमुक जाडीचा का, हे ज्याने आधीचा फुटताना पाहिलाय त्याला पाठ करावं लागत नाही.

आणि एवढं असूनही पुढे काय झालं बघा. ही मंडळी परतली तेव्हा हे इंजिन बसवायला भारताकडे रॉकेटच नव्हतं. १९८० मध्ये आपण एसएलव्ही-३ ने पस्तीस-चाळीस किलोचा रोहिणी उपग्रह वर पाठवल्याचा आनंद साजरा करत होतो, तेही घन इंधनावर. पीएसएलव्ही मंजूर झालं १९८२ मध्ये. विकासचं पहिलं इंजिन भारतात तयार झालं, पण ते पेटवून बघायला इथे जागा नव्हती. मग ते १९८५ मध्ये परत व्हेर्नाँलाच नेलं आणि तिथल्या स्टँडवर चालवलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याच समोर, त्यांच्याच अंगणात. त्या खोलीत बसलेल्यांच्या पोटात काय गोळा आला असेल! इंजिन नीट चाललं. पुढे तामिळनाडूत महेंद्रगिरीला आपली स्वतःची टेस्टची सोय उभी राहिली. 'विकास' ह्या नावात विक्रम साराभाईंचं नाव दडवलंय, असं नंबी नारायणन सांगतात. मला ते पटतं. सरकारी कागदावर 'विकास' शब्दाला कोण हरकत घेणार? :-)

विकास पहिल्यांदा उडालं २० सप्टेंबर १९९३ ला. करारापासून एकोणीस वर्षांनी. पीएसएलव्हीचं ते पहिलं उड्डाण फसलं, पण विकासमुळे नाही. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला धक्का बसला, आणि तो सावरताना नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक उघडी पडली. कमांडचं मूल्य ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं. (आपल्या बिरादरीने इथे खाली मान घालावी. तीन वर्षांनी, ४ जून १९९६ ला, एरियान-५ चं पहिलं उड्डाण असंच गेलं. एरियान-४ चा जुना कोड तसाच उचलला होता, आणि ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. व्हायकिंगच्या रॉकेटवर तो कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता!) १५ ऑक्टोबर १९९४ ला पीएसएलव्हीचं दुसरं उड्डाण झालं आणि ते यशस्वी ठरलं.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर १९९४ ला, केरळ पोलिसांनी नंबी नारायणन ह्यांना अटक केली. आरोप हेरगिरीचा, रॉकेट तंत्रज्ञानाची गुपितं परदेशी विकल्याचा. माधवनचा 'रॉकेट्री' बघितला असेल तर पुढचं माहीतच आहे. १९९६ मध्ये सीबीआयने सांगितलं की ह्यात काही तथ्य नाही. १४ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अटक अनावश्यक होती असं म्हणून पन्नास लाखांची भरपाई द्यायला सांगितली. २०१९ मध्ये पद्मभूषण. मधे चोवीस वर्षं गेली.

त्या प्रकरणात राजकारण किती, पोलिसी किती, हा माझा प्रांत नाही. मला त्या आरोपाच्या मुळाशी असलेली समजूत छळते, की रॉकेट इंजिन म्हणजे एक कागदांचं भेंडोळं आणि ते पिशवीत घालून विकता येतं. क्रायोजेनिक इंजिन तर तेव्हा भारताकडे तयारच नव्हतं. आणि विकासचं म्हणाल, तर ज्यांना सगळी ड्रॉइंग्ज राजरोस, करार करून मिळाली, ज्यांची चाळीसेक माणसं बनवणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसली, त्यांनाही ते उडवायला एकोणीस वर्षं लागली. ह्यातली काही वर्षं पैशांची चणचण आणि रॉकेटच नसणं ह्यात गेली हे मान्य. तरीही, नुसत्या कागदांवरून कोणी किती लांब गेलं असतं? हे कोर्टात नाही, तर निदान चहाच्या टपरीवर तरी कोणी विचारायला हवं होतं. आमच्या अकरा सेकंदांचा कोडही आमच्याकडे पूर्णच्या पूर्ण होता.

फोर्क झालं म्हणजे मूळच्या चुकांपासून सुटका होते असंही नाही. २८ मार्च २००१ ला जीएसएलव्हीच्या पहिल्या प्रयत्नात बूस्टरमधल्या एका विकासने पुरेसा रेटा दिला नाही, आणि कॉम्प्युटरने उड्डाण जमिनीवरच थांबवलं. हुबेहूब १९७९ च्या डिसेंबरसारखं. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, तेच रॉकेट उडालं. १० जुलै २००६ ला मात्र नशीब नव्हतं. इन्सॅट-४सी घेऊन निघालेल्या जीएसएलव्हीच्या चार बूस्टरांपैकी एकातलं विकास जमीन सोडताक्षणीच मेलं, आणि मिनिटाभरात रॉकेट बंगालच्या उपसागरावर तुटलं. कारण होतं इंधनाचा प्रवाह नियंत्रित करणारा एक रेग्युलेटर. बनवताना चूक झालेली, आणि ती तपासणीतून निसटलेली. पुन्हा चारपैकी एक! तेव्हा मी टीव्हीवर ते थेट बघत होतो, आणि शेजारचे आजोबा म्हणाले, "एवढ्याशा पार्टमुळे?" एवढ्याशा पार्टमुळेच, आजोबा.

मूळ व्हायकिंगचा शेवट १५ फेब्रुवारी २००३ ला झाला, एरियान-४ च्या अखेरच्या उड्डाणात. इन्सॅट-२ मालिकेचे आपले उपग्रहही ह्याच एरियान-४ वरून गेले होते, म्हणजे घरोघरी चॅनेल्स यायला लागले त्यात व्हायकिंगचाही हात आहे. युरोपने पुढे हायड्रोजनची वाट धरली. अपस्ट्रीमचा मेंटेनन्स संपला आणि फोर्क एकटं उरलं.

ते नुसतं उरलं नाही, वाढलं. कक्षातला दाब ५८.५ बारवरून ६२ वर नेलेलं ताकदवान विकास मार्च २०१८ मध्ये पहिल्यांदा उडालं. गगनयानसाठी, म्हणजे ज्याच्यावर माणूस बसणार त्या रॉकेटसाठी, जुलै २०२१ मध्ये ते महेंद्रगिरीला सलग २४० सेकंद चालवून बघितलं. आणि १७ जानेवारी २०२५ ला त्यांनी ते साठ सेकंद चालवलं, बंद केलं, १२० सेकंद थांबले आणि परत पेटवलं, सात सेकंदांसाठी. एरियानवर हे इंजिन एकदाच पेटायचं आणि संपायचं. पुढेमागे सेमी-क्रायोजेनिक इंजिन आलं की एलव्हीएम-३ मधली विकासची जागा जाईल. तोवर हे विषारी, पाणी पिणारं, साधंसुधं इंजिन तिथे आहे.

लोकल सुटली एकदाची. काका घाटकोपरला उतरले. सोमवारी आमच्या टीममधला आठ वर्षं जुना मुलगा नोटीस पिरियडवर जातोय, आणि मॅनेजरने केटीसाठी कॅलेंडरवर एक-एक तासाच्या चार मीटिंग टाकल्यात. मी पाचवी टाकलीये, पूर्ण दिवसाची, विषय: "जे कुठेच लिहिलेलं नाही ते". अजून त्याने ॲक्सेप्ट केलेली नाहीये.